बाजीराव मस्तानी बघताना तुम्ही नक्की कोणासाठी रडलात?

पानगळ:
काल आईबरोबर परत एकदा बाजीराव मस्तानी पाहिला. २०१५ ला थेटरात पाहिला तेव्हा शेवटी आजूबाजूचे सगळे मस्तानीसाठी डोळे पुसत होते, मी पण. काल मात्र काशीबाई बाजीरावाला आता माझ्या महालात येऊ नका म्हणते तिथे आई उठून आतच गेली, आणि परत आली ते म्हणाली, "त्या दोघांसाठी एवढं रडायचं, मग हिचं काय गं?" मला उत्तरच देता येईना. आमच्या ग्रुपवर पण सरळ दोन तट आहेत, एक म्हणतो प्रेम ते प्रेम, दुसरा म्हणतो बायको असताना कसलं आलंय प्रेम. पण त्या काळातल्या लोकांना नक्की खुपलं काय होतं? दुसरी बाई की दुसरा धर्म?

रानवारा:
दुसरी बाई तर नक्कीच नाही. सरदार मंडळींत दोन-तीन लग्नं सर्रास असायची आणि १७२९ ला बाजीरावाने मदत केल्यानंतर बुंदेलखंडच्या राजा छत्रसालाने मस्तानी दिली ती पण एक प्रकारे राजकारणातली सोयरीकच. नाटकशाळा म्हणून, म्हणजे लग्नाशिवाय ठेवलेली बाई म्हणून, बाजूला ठेवली असती तर कोणी हूं का चूं केलं नसतं हो, पण बाजीराव तिच्यासाठी मान मागत होता, पोराची मुंज मागत होता, तिथे सगळं फाटलं. मुंज झाली नाहीच. कृष्णराव व्हायचा तो शमशेरबहादूर म्हणून वाढला आणि १७६१ ला पानिपतात जखमी होऊन गेला, २७ वर्षांचा पोरगा, तोही पेशव्यांच्याच बाजूने लढून!! मला तर पिक्चरमधे सगळ्यात जास्त तो बारशाचा वाद लागला. निषिद्ध होतं ते हे.

उंबरठा:
पानगळ, तुझ्या आईशी १०० टक्के सहमत. पिंगा गाण्यावरून केवढा गदारोळ झाला तेव्हा, पेशवीणबाई अशा नाचतील का, त्यात काशीबाईंना पायाचं दुखणं होतं म्हणतात. तो राग मला कळतो पण माझा राग वेगळा आहे. त्या गाण्यात दोघींना हातात हात घालून हसवलं की आपल्याला बघताना जे टोचत असतं ते पाच मिनिटं टोचत नाही, आणि मला ते टोचायला हवं होतं. काशीबाईचं दुःख एवढं ताकदीने उभं केल्यावर ते असं मधेच पुसायचं कशाला? आणि १७४० नंतर शमशेरला काशीबाईंनीच सांभाळलं, त्याच्यावर एक अख्खा सिनेमा होईल.

गोदाकाठ:
मी पाबळला जाऊन आलोय. मस्तानीला इनाम दिलेल्या गावांपैकी एक, तिथेच तिची कबर आहे, कोणी समाधी म्हणतं. पिक्चरमधला झगमगाट डोक्यात ठेवून गेलो होतो आणि समोर एक साधा चौथरा, त्यावर कोणीतरी ठेवलेली शेवंतीची दोन सुकलेली फुलं. बाजीराव रावेरखेडीला नर्मदेकाठी गेला २८ एप्रिल १७४० ला, तापाने, आणि ही इकडे. शेवटची भेट नाही काही नाही. पिक्चरमधे ती साखळदंडात दाखवलीय ते जरा जास्त वाटलं असेल कोणाला, पण तो मोहिमेवर असताना घरच्यांनीच तिला कैदेत ठेवलं होतं हे खरंय, त्यात बाजीरावाचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा पण होते, ज्यांनी आदल्याच वर्षी वसई घेतली ते. एवढा मोठा माणूस, भावावर जीव टाकणारा, आणि तरी. मला त्या चौथऱ्यापाशी कोणाचीच बाजू घेता आली नाही, नुसता बसून राहिलो.

पानगळ:
सगळ्यांचे रिप्लाय आईला मोठ्याने वाचून दाखवले. गोदाकाठ यांचा ऐकताना गप्प होती. मग उंबरठाने लिहिलंय ते परत वाच म्हणाली आणि जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं, "तो पोरगा काशीबाईंना काय म्हणून हाक मारत असेल गं?"