सावलीतल्या फरशीवर विड्याचा वेल

फरशी घातलेल्या, सावलीच्या अंगणात काय लावावं असं विचारलं की कुणी क्रोटन, म्हणजे रंगीत पानांचं शोभेचं झाड, सुचवतं; पण दाट सावलीत क्रोटनचे रंग उतरतात आणि पानं नुसती हिरवी होतात. फरशी न उखडता अशा जागेत लावावा तो विड्याचा वेल! कोकणात तो सुपारीच्या बागेत, सावलीतच वाढवतात. कडक उन्हात उलट पानं करपतात. पावसाळ्यात तीन-चार पेरांचं कांडं मोठ्या कुंडीत खोचा, दोन पेरं मातीत. पेरांना फुटणारी मुळं खडबडीत भिंतीला धरतात, त्यामुळे जागा अडत नाही. पाणी तुंबलं की मुळं कुजतात, म्हणून कुंडी विटांवर ठेवा.

आमच्या अंगणात समोरच्या इमारतीमुळे जेमतेम सकाळचं ऊन येतं. भिंतीला पांढरा चुना दिल्यावर उजेड चांगलाच वाढला. शेजारच्या कुंडीत अळू आहे, श्रावणात वड्यांपुरती पानं घरचीच निघतात.