‘पेल’ म्हणजे नक्की कोणता रंग?

पत्रक_मिरज
मिरज तालुक्यातल्या खेड्यांत वाटायला आरोग्याच्या एका इंग्रजी पत्रकाचं मराठी करायचं आहे. त्यात ‘पेल’ (pale) तीनदा आलाय: त्वचा पेल, लघवी पेल यलो, बाळाची शी पेल. तिन्हीकडे ‘फिकट’ चालेल का? आणि ‘बियाँड द पेल’मधला पेल हाच का?

शब्दमूळ_सातारा
नाही, ते दोन वेगळे शब्द आहेत. स्पेलिंग आणि उच्चार तेवढे एक.

रंगाचा पेल लॅटिन ‘पॅलिदुस’पासून जुन्या फ्रेंचमार्गे १३००च्या सुमारास इंग्रजीत आला. ‘पॅलर’ (फिकटपणा) आणि ‘पॅलिड’ (फिकट) त्याचे सख्खे. ‘अपॉल’सुद्धा त्याच घरचा: आधी अर्थ होता फिकट पडणं, मग भीतीनं पांढरं पडणं, आता नुसतं हादरणं. अजून मागे गेलं की संस्कृत ‘पलित’ त्याच मुळाचा निघतो, म्हणजे पिकलेले केस. आयुर्वेदातलं ‘पालित्य’ त्यावरूनच. माझ्या मते भाषांतर करताना हे धरून ठेवावं. ‘लाइट’ म्हणजे नुसता हलका रंग. ‘पेल’मध्ये बहुतेकदा असलेला रंग ओसरल्याची छटा असते.

दुसरा पेल लॅटिन ‘पालुस’चा, म्हणजे खुंटा. त्यावरून कुंपण, आणि मग कुंपणाच्या आतला मुलूख. आयर्लंडमधल्या डब्लिनभोवतीच्या इंग्रजी अंमलाच्या भागाला ‘द पेल’ म्हणत. ‘पोल’ आणि ‘पॅलिसेड’ (खुंट्यांचं कुंपण) याच खुंट्याचे. म्हणून ‘बियाँड द पेल’ म्हणजे मर्यादा सोडून.

लॅब_सांगली
तिन्हीकडे एकच शब्द घालू नका. कुठला रंग ओसरलाय ते प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

त्वचा: इथे लाली गेलेली असते, म्हणून ‘निस्तेज, पांढरट’. ‘पिवळट’ अजिबात नको. बोलताना अशक्त माणसालाही ‘पिवळा पडलाय’ म्हणतात, आणि मग रक्तक्षय नि कावीळ यांची गल्लत होते. काविळीत डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होतो. रक्तक्षयात खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखं आणि तळहात पांढरट दिसतात. सावळ्या माणसाच्या गालावरून काही कळत नाही, त्यामुळे या जागा पत्रकात नावानिशी द्या. हिमोग्लोबिन डेसिलिटरला गरोदर बाईचं ११ ग्रॅमच्या खाली, इतर बायकांचं १२ च्या आणि पुरुषांचं १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात.

लघवी: ‘फिकट पिवळी’ बरोबर. पाणी पुरेसं पोटात जातंय, एवढाच अर्थ.

बाळाची शी: सगळ्यात जपून लिहायची ओळ हीच. शीचा नेहमीचा रंग पित्तामुळे येतो. पित्त आतड्यात उतरलं नाही तर ती पांढरट होते. इंग्रजीत तिला चिकणमातीच्या रंगाची म्हणतात, पण तुम्ही ‘मातीसारखी’ लिहू नका. कृष्णाकाठची माती काळी, वाचणारा काळी शी समजेल, आणि काळ्या शीची कारणं वेगळी, त्यात रक्तस्रावही येतो. ‘शाडूसारखी पांढरट’ लिहा. बाळाला जन्मापासून १४ दिवसांनंतरही कावीळ असेल आणि शी अशी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, हे ठळक छापा. पित्तनलिका बंद असतील तर शस्त्रक्रिया बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाल्यास यशाची शक्यता जास्त असते.

पत्रक_मिरज
जागा कमी आहे. ‘त्वचा फिकी’ एवढंच लिहिलं तर?

गावबोली_तासगाव
‘फिकी’ नको, ताई. आपल्याकडे फिका चहा म्हणजे बिनसाखरेचा, आमटी फिकी म्हणजे तिखट-मीठ कमी. रंगाला ‘फिकट’. ‘गोरी’ तर मुळीच नको, ते ‘फेअर’साठी; आजाराचं लक्षण कौतुकाचं होऊन बसेल. एकच ओळ बसत असेल तर सरळ लिहा: ‘खालची पापणी ओढून बघा, आतून लाल नसून पांढरट आहे का?’

आणि शीचा रंग चौकोन छापून दाखवणार असाल तर पत्रकाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढू नका. सगळेच चौकोन करडे उतरतात.