ब्रुक्स पर्वतरांगेतील पहिली कॅरिबू शिकार: वाळपईहून निघण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

सत्तरीकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू कित्येक वर्षांपासून अलास्कातील फेअरबँक्स येथे राहतात आणि आता ते अमेरिकेचे नागरिक आहेत. येत्या ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी मला कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतील रानटी रेनडियरच्या, शिकारीसाठी बोलावले आहे. डाल्टन महामार्गाने उत्तरेला जायचे, ब्रुक्स पर्वतरांगेतील आटिगन खिंड ओलांडायची, गाडी रस्त्याच्या कडेला लावायची आणि पाठीवर तंबू घेऊन पायी आत शिरायचे, असा बेत आहे. लहान विमानाने डोंगरात उतरणे आम्हा दोघांनाही परवडणारे नाही, म्हणून हा मार्ग.

घरात आजोबांच्या काळातील पारधीच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या आहेत. परंतु माझा जन्म वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरचा असल्यामुळे मी कोणत्याही जनावरावर बंदूक रोखलेली नाही. सख्खा भाऊ सोबत असला की वेगळा गाइड लागत नाही, असे दादा म्हणतात. हे मलाही लागू होते का? कॅरिबूच्या नरालाही शिंगे आणि मादीलाही शिंगे, तर मग दुरून नर ओळखायचा कसा? आणि येथे राहून शरीराची तयारी कोणती करावी? शिंगे घरात आणायची नाहीत, अशी आईची सक्त ताकीद असल्यामुळे तो प्रश्न मात्र आधीच निकालात निघाला आहे.

फोंड्याचा प्रवासी

मी नोकरीनिमित्त फेअरबँक्सला राहिलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपल्या बंधूंनी सांगितलेला नियम अमेरिकन नागरिकांसाठीचा आहे. अलास्काबाहेरून आलेल्या अमेरिकन नागरिकाला कॅरिबूसाठी गाइड लागतच नाही. तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी तो लागतो, आणि तेथे जवळचा अलास्कावासी नातेवाईक गाइडची जागा घेऊ शकतो. आपण मात्र अमेरिकेचे नागरिक नाही आणि अलास्काचे रहिवासीही नाही. अशा परदेशी पाहुण्याला कोणत्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी अलास्काचा परवानाधारक गाइड प्रत्यक्ष सोबत असावाच लागतो, तेथे सख्खा भाऊ चालत नाही. पासपोर्ट भारतीय असो किंवा, आपल्या गोव्यात अनेकांजवळ असतो तसा, पोर्तुगीज असो, यात फरक पडत नाही. शिवाय पर्यटक व्हिसावर गेलेल्या माणसाला वैध शिकार परवाना हाती असल्याशिवाय तेथे बंदूक बाळगणे हाच अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. तेव्हा सराव म्हणून दादांची रायफल सहज हातात घेण्यापूर्वीही विचार करावा.

आता मार्गाविषयी. युकॉन नदीच्या उत्तरेला डाल्टन महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांच्या पट्ट्यात बंदुकीने शिकार करण्यास बंदी आहे. तेथे फक्त धनुष्यबाण चालतो आणि त्यासाठीही प्रमाणपत्र लागते. रस्ता सोडून मोटारवाहन आत नेता येत नाही. म्हणजे रायफल वापरायची असेल, तर किमान आठ किलोमीटर चालत गेल्याशिवाय शिकारीला सुरुवातच होत नाही. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात त्या जमिनीवर गवताचे डोक्याएवढे गड्डे असतात, पाय ठेवला की ते कलंडतात आणि दोन गड्ड्यांच्या मध्ये घोटाभर गार पाणी असते. भातलावणीच्या वाफ्यात कोणी सोललेले नारळ दाटीने मांडून ठेवावेत आणि त्यांवरून आपण ओझे घेऊन चालावे, तसा तो प्रकार आहे. रिकाम्या पाठीनेही तासाला दोन किलोमीटर झाले तर समाधान मानावे.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण दीडशे ते पावणेदोनशे किलो भरते आणि हाडे काढली तरी साठ-सत्तर किलो मांस हाती येते. अलास्कात खाण्यायोग्य मांस रानात टाकून देणे हा गंभीर गुन्हा आहे. मागचे-पुढचे पाय, पाठीचे मांस, मान, छाती, फासळ्यांवरचे मांस, सर्व बाहेर काढावे लागते. शिंगे मांसाच्या आधी नेता येत नाहीत. ती शेवटच्या खेपेबरोबरच न्यायची. शिकारीसाठी अलास्काचे क्रमांकवार विभाग पाडलेले आहेत; त्यांपैकी काहींत तर पाय आणि फासळ्या हाडासकट आणाव्या लागतात. आता हिशेब करून पाहा. मांसाच्या तीन खेपा धरल्या, तर तीनदा भरल्या पाठीने बाहेर आणि दोनदा रिकाम्या पाठीने आत, म्हणजे जनावर पडल्यानंतर चाळीस किलोमीटर चाल झाली, आणि तंबू-सामानाची खेप यात धरलेलीच नाही. दोघांनी वाटून घेतली तरी एका माणसाची चाल चोवीस किलोमीटरांच्या खाली येत नाही. म्हणून कोणता नर मारायचा हे त्याच्या शिंगांवरून न ठरवता तो कोठे उभा आहे यावरून ठरवावे. रस्त्यापासून पंधरा किलोमीटर आत, मध्ये नदी, अशा जागी उभा असलेला नर कितीही देखणा असला, तरी त्याला जाऊ द्यावे.

तयारीचे म्हणाल, तर धावण्याचा फारसा उपयोग नाही. पंचवीस किलो तांदूळ पाठपिशवीत भरून वाघेरीच्या डोंगरावर पावसात चढ-उतार करा, आणि चढण्यापेक्षा उतरण्याकडे अधिक लक्ष द्या. गुडघे तेथेच दगा देतात.

डिचोलीची वाचक

प्रश्नकर्त्यांविषयी आकस नाही, परंतु एक शंका विचारते. पश्चिम आर्क्टिक कळपात 2003 मध्ये सुमारे 4,90,000 कॅरिबू होते आणि 2023 च्या गणनेत ते सुमारे 1,52,000 इतके उरले. कोबुक नदीकाठच्या इनुपियाक या तेथील मूळ रहिवाशांच्या गावांचे पोट या मांसावर अवलंबून आहे. अशा वेळी हौसेखातर गोव्याहून जाऊन शिकार करणे योग्य आहे का?

फोंड्याचा प्रवासी

शंका रास्त आहे आणि आकडेही बरोबर आहेत. मात्र तो कळप पश्चिमेकडचा. डाल्टन महामार्गावर प्रामुख्याने भेटतो तो मध्य आर्क्टिक कळप, आणि त्याची गणना वेगळी होते. तोही 2010 च्या सुमारास सत्तर हजारांजवळ होता आणि 2016 मध्ये सुमारे तेवीस हजारांवर घसरला, त्यानंतर बाहेरच्या शिकाऱ्यांवरील मर्यादा कडक करण्यात आल्या. त्यामुळे गेल्या वर्षीच्या नियमांवर विसंबून बेत आखू नये, त्या वर्षीची नियमपुस्तिका विभागाच्या क्रमांकासह वाचावी. हौस की गरज, हा वाद मी सोडवू शकणार नाही. सगळे मांस बंधूंच्या घरी वर्षभर खाल्ले जाणार असेल, तर निदान मला त्यात गैर वाटत नाही.

म्हादईकाठ

नर-मादी ओळखण्याबद्दल लिहितो; मी शिकारी नाही, छायाचित्रकार आहे, पण दुर्बीण दोघांचीही सारखीच असते. शिंगांच्या आकारावर भिस्त ठेवू नका, कारण कोवळा नर आणि मोठी मादी यांच्या शिंगांत अनेकदा फरकच कळत नाही. जनावर पाठमोरे होण्याची वाट पाहा. मादीच्या पांढऱ्या ढुंगणावर शेपटीखाली योनीचा गडद ठिपका स्पष्ट दिसतो, नराला तो नसतो; बाजूने पाहिल्यास नराच्या पोटाखाली शिश्नाची खोळ दिसते. ऑगस्टच्या अखेरीस मोठ्या नराच्या मानेवरचे केस पांढरे होऊ लागलेले असतात, आणि शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढत्या शिंगांवरची मऊ केसाळ त्वचा, सुटून तिच्या रक्ताळलेल्या चिंध्या डोळ्यांवर लोंबत असतात. हे दृश्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला जनावर जखमी आहे असेच वाटते.

कळप जवळून जाऊ लागला की टक्-टक् असा आवाज ऐकू येतो. तो खुरांचा दगडावर आपटण्याचा नसून पायातील स्नायुबंध हाडावरून सरकण्याचा असतो, आणि धुक्यात कळप दिसण्यापूर्वी तोच कानी पडतो. चरत-चरत चालणारा कॅरिबूही माणसाला सहज मागे टाकतो, म्हणून पाठलाग करणे व्यर्थ आहे. ज्या खिंडीतून किंवा नदीच्या उतारातून कळप जाणार, तेथे वाऱ्याची दिशा पाहून आधीच बसावे. मी ज्यांच्यासोबत होतो ते जाणते शिकारी दोनशे मीटरांपलीकडे नेम धरत नसत आणि नरामागे दुसरे जनावर उभे असेल तर थांबत. पुष्कळदा गोळी लागलेला कॅरिबू तसाच उभा राहतो. तो चुकला असे समजून दुसऱ्याच नरावर गोळी झाडली जाण्याचा धोका तेथे असतो.

वास्कोचा वाचक

एक सूचना. त्या डोंगरांत मोबाइल चालत नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र जवळ असावेच. मात्र ते तेथेच भाड्याने घ्या आणि तेथेच परत करा. विनापरवाना असे यंत्र बाळगणे भारतात गुन्हा आहे. 2024 च्या डिसेंबरात आपल्या दाबोळी विमानतळावरच एका कॅनेडियन प्रवासी महिलेवर यावरून कारवाई झाली होती.

सत्तरीकर

सर्वांचे आभार. दादांशी बोललो. गाइडचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे, म्हणून यंदा शिकार त्यांनी करावी आणि मी केवळ ओझे वाहण्यासाठी सोबत जावे, असे ठरते आहे. यात काही कायदेशीर अडचण येईल का?

फोंड्याचा प्रवासी

मोबदला न घेता भावाच्या शिकारीचे मांस वाहून आणण्यासाठी आपल्याला परवाना लागत नाही. बंदूक हातात घेऊ नका आणि जनावर त्यांच्या दिशेने हाकण्याच्या फंदात पडू नका. शिकारीत तेही मोडते. आपण एक खेप घेऊन गाडीकडे निघालात आणि बंधू मागे राहिले, तर मांस त्यांच्या वतीने आपल्या ताब्यात असल्याचा हस्तांतरणाचा फॉर्म, दोघांच्या सह्यांसह, खिशात ठेवा. मांसासाठी सुती पिशव्या घ्या, प्लास्टिकच्या नकोत, कारण हवा न लागलेले मांस थंडीतही आंबते. आणि आतड्यांचा ढीग पडला असेल तेथून तंबू चांगला दूर लावा. पहिली खेप टाकून परत येईपर्यंत तेथे अस्वल पोहोचलेले असू शकते, म्हणून उरलेले मांस ढिगापासून शंभर-दोनशे पावले लांब, दुरूनच नजरेस पडेल अशा उघड्या उंचवट्यावर ठेवावे.