सोमवारपासून सलूनमध्ये पहिली नोकरी, हात आत्ताच थरथरतोय

नवखी_कात्री:
कोर्स झाला, परीक्षाही बरी गेली. सोमवारपासून ज्युनियर म्हणून रुजू होतेय. डमीवर लेयर कट झोपेतसुद्धा करेन, पण खुर्चीत खरं माणूस बसलं की हातच चालत नाही. डमी हलत नाही, बोलत नाही, आरशातून टक लावून बघत नाही! ट्रायल घेताना मॅडम मागे उभ्या होत्या, तर सेक्शनच्या क्लिपा सारख्या निसटत होत्या. तळहाताला घाम वेगळाच. ‘दीर्घ श्वास घे’ सोडून काहीतरी सांगा, ते आई सकाळपासून सांगतेय.

कंगवेवाली:
बरं, श्वास राहू दे. माझ्या हाताखाली नव्या मुली येत असतात, त्यावरून सांगते. थरथर कात्री उचलल्यावर दिसते, पण निम्मी भीती असते ती केस नेमके कुठवर कापायचे हेच पक्कं नसल्याची. म्हणून आधी बोलण्यात वेळ घाल. ‘थोडेसेच कापा’ यावर कधीही कात्री लावायची नाही. केस कोरडे असतानाच बट चिमटीत धर आणि विचार, ‘इथपर्यंत?’ त्यांनी स्वतःच्या बोटाने दाखवलं की मग पाणी मार. ओला केस ताणला जातो आणि वाळला की वर चढतो, कुरळा तर विचारूच नको. तेव्हा ठरल्यापेक्षा बोटभर लांबच ठेव, वाळवून बघून उरलेलं काढता येतं. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. जास्त गेला तर त्या बाईंना कितीतरी महिने तो रोज आरशात दिसणार.

मग मानेवरचे आणि टाळूवरचे भोवरे बघ. डमीवर त्यांची सवय होत नाही, आणि भोवऱ्यावर आखूड कापलं की केस उभाच राहतो. बसणंही बघ. पायावर पाय टाकला की एक खांदा वर जातो, आणि तू सरळ कापलेली रेघ त्या उठल्यावर तिरकी दिसते. ‘दोन्ही पाय टेकवता का जरा?’ असं बिनधास्त म्हण. एवढं म्हटलं की खुर्चीचा ताबा आपल्याकडे येतो, हा माझा अनुभव.

सुरुवात मागून, मानेजवळून कर. तिथलं त्यांना आरशात दिसत नाही, आणि तीच बट तुझी गाईडलाईन, म्हणजे बाकीचे केस तिच्याच मापाने कापायचे. कात्रीत अंगठा पार आत घालू नकोस, टोकच ठेव. हलायला हवा तो फक्त अंगठा, बाकी बोटं स्थिर. विंचरताना कात्री मिटून तळहातात. आडवं कापलंस तर उभं धरून तपास. घाई अजिबात नको. वेग आपोआप येतो, मॅडमनाही ते ठाऊक असतं.

मशीनवाला:
ताईंनी सगळं सांगितलंच आहे. जेन्ट्स कट करावे लागले तर गार्ड (केस किती लांब ठेवायचा ते ठरवणारा, मशीनला लावायचा कंगवा) मोठ्यापासून लाव. ४ नंबर म्हणजे साधारण १३ मिमी, २ नंबर ६ मिमी. गार्ड नीट बसलाय का ते डोक्याला टेकवण्याआधी बोटाने दाबून बघ. घामासाठी खिशात छोटा नॅपकिन.
आणि सुरुवातीला नुसते हेअरवॉश दिले तर तोंड पाडू नकोस. डोक्याला हात लावायची भीड तिथेच मोडते. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं.

नवखी_कात्री:
पाय टेकवण्याचं आम्हाला कोर्समध्ये कुणी बोललंच नाही! एक विचारू? ‘तुम्ही माझ्या पहिल्याच क्लायंट’ हे त्यांना सांगावं का?

कंगवेवाली:
आपणहून नको. मग दोघी घाबराल. विचारलंच तर खोटंही बोलू नकोस, ‘नवीन आहे, शेवटी सिनियर एकदा बघतील’ म्हण आणि खरंच दाखव. अडलीस तर कात्री खाली ठेवून हाक मार, त्यात काही कमीपणा नाही. कापलेला केस सिनियरलाही जोडता येत नाही!
एकच ठिकाणी हट्टी राहा. ऐनवेळी कुणी ‘आलेच आहे तर मुळांना रंग लावून दे’ म्हटलं, तर ४८ तास आधीची पॅच टेस्ट (थोडा रंग त्वचेला लावून ॲलर्जी येते का ते बघणं) नसताना डबा उघडायचा नाही. चिडल्या तर सिनियरकडे पाठव, तू वाद घालू नकोस.