सेकंडहँड वेट टायर घेऊ का? (स्विफ्ट, चेन्नई ट्रॅक डे)

सातपूरची_स्विफ्ट: मंडळी, गाडी स्विफ्ट झेडएक्सआय, १८५/६५ आर १५. कोरड्यासाठी सेमी-स्लिक (कमी खाचांचे, जवळजवळ गुळगुळीत टायर) आहेत, ट्रेडवेअर (झिजेचं मानांकन) २००. नोव्हेंबरात चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे आहे, म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस. आपला पाऊस दसऱ्याच्या आसपास आवरतो आणि तिकडचा तेव्हाच रंगात येतो. एक जण रेसिंगचे वेट टायर (ओल्या ट्रॅकचे) विकतोय, वापरलेले, पण खाचा मस्त खोल आहेत. घेऊ का? बजेट बेताचं. सेमी-स्लिकचा आकडा अजून घरात सांगितलेला नाही.

घाटवाला: खाचा खोल आहेत ना? मग उचल की!

जुना_नेव्हिगेटर: घाटवाले, थांबा जरा. अरे, आधी टायरच्या कडेवरचा तारखेचा चार आकडी शिक्का वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. वेट टायरचा सगळा जीव मऊ रबरात. ते जुनं होऊन टणक झालं की खोल खाचा नुसत्या शोभेच्या.

आणि समजा ताजे मिळाले, तरी चेन्नईची सर धो धो येते, थांबते, लगेच ऊन. ट्रॅक सुकायला लागला की खाचांमधल्या त्या मऊ ठोकळ्यांना पाण्याचा गारवा मिळत नाही, ते तापून फाटतात. मोठ्या रेसमध्ये ड्रायव्हर सरळ पट्ट्यावर मुद्दाम ओल्यातून गाडी नेतात ते यासाठीच. शिवाय त्यांच्याकडे टायर बदलायला पलटण असते. तुझ्याकडे एक जॅक आणि मेहुणा.

मी म्हणेन, चांगले नवे रोड टायर घे, सात-आठ मिमी खाच असलेले. कडेवर ‘ट्रॅक्शन’ छापलं असेल तर ए किंवा एए बघ, ते अक्षर ओल्यातल्या ब्रेकिंगचंच असतं. रुंदी वाढवू नकोस, पाणी कापायला अरुंद टायर बरा. एरवी त्यावरच कंपनीत जा.

हवेचं मात्र नीट बघ. पाण्यात टायर फारसा तापत नाही, त्यामुळे चालवताना प्रेशर फारसं वाढत नाही. म्हणून थंड असतानाच कोरड्यापेक्षा जास्त भरायची. साचलेलं पाणी खाचेपेक्षा खोल असेल तर २८ पीएसआयला ताशी ८८ किमीच्या आसपास टायर तरंगायला लागतो, ३६ ला साधारण १०० ला. ढोबळ गणित आहे, पण दिशा कळते.

सातपूरची_स्विफ्ट: दादा, आणि सेमी-स्लिकवर असतानाच सर आली तर?

जुना_नेव्हिगेटर: भुरभुर असेल तर सांभाळून चालव. पाणी साचलं की सरळ पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यात) ये. आणि रोजची कोरडी लाइन, म्हणजे कोरड्यात सगळ्या गाड्या जातात तो मार्ग, सोड. तिथे रबर बसलेलं असतं, ओलं झालं की साबण. वळण जरा बाहेरून घे, वळणाच्या कडेच्या रंगवलेल्या कर्बवर चाक नको.

पंचवटीकर: मग हेच रोड टायर आपल्याकडच्या पावसाळी ऑटोक्रॉसला (मातीच्या मैदानातल्या शर्यतीला) चालतील?

जुना_नेव्हिगेटर: छे. काळ्या मातीत त्यांच्या खाचा दोन वळणांत लिंपून जातात, मग गुळगुळीत टायर आणि तो, फरक काय? तिथे मोकळ्या मोठ्या ठोकळ्यांचा रॅली टायर लागतो, चिखल फिरता फिरता फेकून देणारा.

सातपूरची_स्विफ्ट: विकणाऱ्याने फोटो पाठवला. शिक्का ०८१७.

जुना_नेव्हिगेटर: सोड तो विषय. त्या पैशात जुन्या स्टील रिमचा सेट शोध आणि रोड टायर त्यावर इथूनच चढवून ने. पिटमध्ये रिमवरून टायर उतरवत बसायला तुला कोण वेळ देतंय!