कानयंत्र मिळतं, साचा मिळत नाही: कोकणातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचा निधी

प्रेषक: खजिनदार
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतल्या आपल्या मंडळाच्या शिक्षण निधीत यंदा ४,२०० डॉलर शिल्लक आहेत. कार्यकारिणीत असं सुचलं की रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ब्रेल डिस्प्ले (बोटांनी वाचायची यंत्रं) आणि कानयंत्रं घ्यावीत आणि गणपतीला गावी जाणाऱ्यांनी ती सोबत न्यावीत. तिघांनी घरातली वापरलेली कानयंत्रंही देऊ केली आहेत. पैसे कशावर घालावेत आणि कोणत्या वाटेनं पाठवावेत, हे जाणकारांनी लिहावं. आकड्यांसकट लिहिलंत तर ठराव करणं सोपं जाईल.

---

प्रेषक: विशेष शिक्षिका, रत्नागिरी
विषय: उत्तर – निधी

खजिनदारसाहेब,

ब्रेल डिस्प्लेचा विचार थोडा बाजूला ठेवा. सरकारकडून काय येतं ते आधी पाहू, म्हणजे आपले पैसे तिथेच दुसऱ्यांदा जाणार नाहीत.

दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची 'एडिप' योजना १९८१ पासून चालू आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि कुटुंबाचं उत्पन्न महिन्याला २२,५०० रुपयांपर्यंत असलं की साधन पूर्ण मोफत. २२,५०१ ते ३०,००० असलं की निम्म्या किमतीत. शाळेतल्या मुलांसाठी समग्र शिक्षा ही सरकारी शालेय योजना आणि साधनं बनवणारी कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को मिळून शिबिरं घेतात; खर्च ६० टक्के एडिपमधून, ४० टक्के समग्र शिक्षेतून. तालुक्याच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक मुलांची नावं कळवतात. मुलाचं नाव या यादीत नसेल तर शिबिराच्या दिवशी नुसतं रांगेत उभं राहून काही होत नाही.

तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलांना एक वर्ष. म्हणजे तेराव्या वर्षी मिळालेली चाकाची खुर्ची सोळाव्यापर्यंत वापरायची. मुलगा त्यात मावेनासा झालेला असतो.

घोडं अडतं ते कागदांवर. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयाचं मंडळ ठरलेल्या वारीच बसतं. मंडणगडहून रत्नागिरीला एका पालकाचा पूर्ण दिवस आणि मजुरी जाते, आणि त्या दिवशी संबंधित तज्ज्ञ रजेवर असला तर दुसरी फेरी. आधार आणि यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असलं तर अर्ज परत येतो. लहान मुलांची प्रमाणपत्रं बहुतेक वेळा मुदतीची असतात. ती शिबिराच्या आदल्या महिन्यात संपल्याचं नेमकं शिबिरातच कळतं. उत्पन्नाचा दाखलाही ताजा लागतो. प्रवास, झेरॉक्स आणि बुडालेली मजुरी धरून एका मुलामागे ८०० ते १,५०० रुपये. या खर्चाला कुठल्याच योजनेत रकाना नाही.

ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्याकडच्या छोट्या ग्रामपंचायतींचं घरपट्टी-पाणीपट्टीचं उत्पन्नच बेताचं, त्यामुळे रक्कम काही हजारांत जाते आणि मार्चअखेरीला गावातल्या सगळ्या दिव्यांगांत सारखी वाटून टाकतात. अंदाजपत्रक ठरण्याआधी ग्रामसभेत लेखी मागणी गेली तर त्यातून एखाद्या मुलाचं साधन निघू शकतं. पालकांना हा अर्ज लिहून द्यायला माणूस लागतो, पैसे नव्हेत.

आता ब्रेल डिस्प्ले. ऑर्बिट रीडर २० हे त्यातलं स्वस्त समजलं जाणारं यंत्र, एका ओळीत २० कप्पे, एका कप्प्यात ब्रेलचं एक चिन्ह. किंमत तरीही दहा हजारांच्या पटीत. २० कप्प्यांत गणिताचं लांब समीकरण मावत नाही, आणि घामट बोटांचा मळ ठिपके उचलणाऱ्या टाचण्यांच्या फटीत गेला की टाचण्या अर्ध्यावर अडकतात. दुरुस्तीला यंत्र बाहेरगावी जातं, मूल तोवर रिकामं. सहा शाळांना सहा यंत्रं दिली तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्यातली किती चालू असतील, याची मला खात्री नाही. ज्या मुलाचं ब्रेल पक्कं आहे, जो नववीच्या पुढे आहे आणि ज्याच्या शाळेत ब्रेल जाणणारा शिक्षक आहे, अशा एकासाठी जरूर घ्या. बाकीच्यांना हातानं ब्रेल लिहायची पाटी-दाभण आणि भरपूर जाड कागद द्या. पर्किन्स ब्रेलर हा ब्रेलचा टाइपरायटर भारतात तमिळनाडूतल्या काटपाडीला वर्थ ट्रस्टमध्ये तयार होतो, तो अमेरिकेतून पाच किलोचं ओझं करून आणायचं कारण नाही.

आठवीच्या पुढच्या दृष्टिहीन मुलाला खरा उपयोग लॅपटॉपचा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे आणि त्यासोबत येणारा ई-स्पीक हा आवाज मराठी बोलतो. आवाज यांत्रिक वाटतो, आठवडाभरात कान सरावतो. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि एसएसडी हवीच. ४ जीबीच्या यंत्रावर ब्राउझर उघडला की वाचन अडखळतं आणि मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं. डेस्कटॉप नको, पावसाळ्यात आमच्याकडे वीज सांगून जात नाही.

लॅपटॉप दिला तरी वाचायचं काय, हा प्रश्न उरतोच. शिक्षकांच्या नोट्स, प्रश्नसंच, जुनी मराठी पुस्तकं यांच्या पीडीएफ अजून कितीतरी ठिकाणी युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो आणि स्क्रीन रीडर तोच वाचतो. उपाय म्हणजे पानाचं चित्र करून ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढायचं. त्यात रफार, जोडाक्षरं आणि तक्ते हमखास बिघडतात, म्हणून माणसानं मूळ पानाशी ताडून पाहावं लागतं. हे काम तुम्हांला अमेरिकेत बसून करता येतं! मंडळातल्या वीस जणांनी आठवड्याला पाच-पाच पानं तपासली तर महिन्याला ४०० पानं होतील. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तक असं रूपांतरित करायला कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं मुभा आहे. सुरू करण्याआधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का, एवढं पाहा.

---

प्रेषक: ऑडिओलॉजिस्ट, कुडाळ
विषय: उत्तर – निधी (कानयंत्रं)

ताईंनी लिहिलंय त्यात कानाचं जोडतो.

वापरलेली कानयंत्रं पाठवू नका. यंत्र मुलाच्या ऑडिओग्रामनुसार (श्रवण चाचणीच्या आलेखानुसार) प्रोग्रॅम करावं लागतं. त्यासाठी त्या कंपनीचं सॉफ्टवेअर आणि जोडणीची केबल इथे हवी. अमेरिकेतली बरीच मॉडेलं इथल्या केंद्रांत उघडत नाहीत. शिवाय उतारवयातल्या माणसाची उंच स्वरांची श्रवणहानी आणि जन्मतः तीव्र बहिरेपण असलेल्या मुलाची गरज यांत फार अंतर आहे. आजोबांच्या यंत्रात तेवढी ताकदच नसते.

शिबिरात यंत्र मिळतं, तरी वर्षभरानं मूल यंत्राशिवाय दिसतं. त्याला कारण साचा. यंत्राचा आवाज कानात पोचवणारा, कानाच्या आकाराचा हा साचा मूल वाढतं तसा सैल होतो. लहानग्यांना दर तीन ते सहा महिन्यांनी, मोठ्या मुलांना साधारण वर्षानं नवा लागतो. सैल साच्यातून आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये जातो आणि यंत्र शिट्टी मारतं. वर्गात सगळे वळून बघतात, पालक आवाज कमी करतात. कमी आवाजात मुलाला शब्द लागत नाहीत, मग तेच यंत्र काढून ठेवतं. पालक म्हणतात, 'यंत्र बिघडलं.' यंत्र ठणठणीत असतं, बिघडलेला असतो हजार रुपयांच्या आतबाहेरचा साचा. कानाचं माप घेऊन साचा बनून यायला आठवडा-दहा दिवस लागतात. साच्याची नळी पिवळी आणि कडक झाली की तीही बदलायची, तीन ते सहा महिन्यांनी.

सेलचा हिशोब असा. १३ नंबरचा, नारिंगी पट्टीचा सेल दहा-बारा दिवस जातो. दोन्ही कानांचे मिळून वर्षाला ६५ च्या आसपास, म्हणजे सहाच्या ११ पट्ट्या. पट्टी १५० ते २५० रुपये धरली तर १,६५० ते २,७५०. तीव्र श्रवणहानीच्या यंत्रांना ६७५ नंबरचा, निळ्या पट्टीचा. हे सेल हवेवर चालतात: पट्टी सोलली की छिद्रांतून हवा आत जाते आणि रसायन सुरू होतं. म्हणून सोलल्यावर एक-दोन मिनिटं थांबून मगच सेल बसवायचा. पट्टी पुन्हा चिकटवून काही वाचत नाही. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत सेल त्याच छिद्रांतून ओल ओढतो आणि लवकर संपतो, तेव्हा पावसाळ्यासाठी दोन पट्ट्या जास्त धरा. एकदम दोन वर्षांचा साठा करू नका, मुदत संपते.

पावसाळ्यातली बिघाडाची दुसरी जागा म्हणजे नळी. घाम आणि दमट हवेचे थेंब नळीत अडकले की आवाज मधेच बंद होतो. रबरी फुग्याच्या ब्लोअरनं नळी फुंकून काढायची, साचा यंत्रापासून वेगळा करूनच. रात्री सेल बाहेर काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट डबीत ठेवायचं. सेल डबीत ठेवला तर तो सुकून निकामी होतो. दाणे नारिंगी घ्या. हिरवे झाले की ओल भरली, मंद आचेवर जुन्या तव्यात तापवले की पुन्हा नारिंगी होतात. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्टचं विषारी संयुग असतं.

डबी, ब्लोअर, वर्षाचे सेल, एक ते दोन साचे, नळ्या आणि पुन्हा प्रोग्रॅमिंगच्या दोन फेऱ्या: दोन्ही कानांचं मिळून एका मुलाला ६,००० ते ८,००० रुपये वर्षाला. त्यात शिबिरातलं यंत्र पूर्ण तीन वर्षं कानावर राहतं.

आणि एक गट सगळ्याच योजनांतून निसटतो. कायद्यात श्रवणदोष धरला जातो तो दोन्ही कानांना ६० डेसिबलपासून पुढे. ५० डेसिबलचं मूल, किंवा एका कानानं अजिबात न ऐकणारं मूल, प्रमाणपत्राला बसत नाही. पत्र्याच्या शाळेवर पाऊस कोसळायला लागला की या मुलाला बाईंचं अक्षर ऐकू येत नाही. यंत्राचा आवाज वाढवून उपयोग नाही, पावसाचाही आवाज वाढतो. मायक्रोफोन बाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर हवा आणि तिथून थेट कानयंत्रात. असा रिमोट मायक्रोफोन महाग असतो आणि तो त्याच कंपनीच्या यंत्राशी जुळतो का, हे घेण्याआधी पाहावं लागतं. पूर्ण यंत्रावर खर्च करायचाच असेल तर या मुलांवर करा.

---

प्रेषक: सनदी लेखापाल सभासद
विषय: उत्तर – निधी (पैसे पाठवण्याबद्दल)

तीनच मुद्दे.

मंडळ अमेरिकेत नोंदवलेलं आहे, त्यामुळे सगळे सभासद भारतीय पासपोर्टचे असले तरी मंडळाचा पैसा हा भारताच्या कायद्यानं परदेशी देणगीच. तो घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरते. त्या संस्थेनं पुढे दुसऱ्या संस्थेला ती द्यायची नाही. म्हणजे 'मुंबईच्या मोठ्या संस्थेला देऊ, ती गावच्या छोट्या संस्थेला देईल' ही जुनी वाट बंद आहे. मुंबईच्या संस्थेनं स्वतः साचे करून घेतले तर चालेल.

भारतीय पासपोर्ट असलेल्यानं स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली रक्कम परदेशी देणगी ठरत नाही. ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांची, ठरते.

एखाद्याला स्वतःच्या वापरासाठी भेट दिलेली वस्तू भारतात १ लाख रुपयांपर्यंतच्या किमतीची असेल तर तीही देणगीत धरत नाहीत. विद्यार्थ्याच्या नावानं बिल करून लॅपटॉप थेट त्याला देता येईल. मात्र बिल भारतातलंच असू द्या, म्हणजे वॉरंटी आणि प्लग दोन्ही तिथले.

---

प्रेषक: सभासद, मूळचे देवगड
विषय: उत्तर – निधी

एक शंका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये १८ वर्षांपर्यंत पुस्तकं आणि साधनं मोफत देणं सरकारवर बंधनकारक आहे. आपण पैसे घातले की तिथले अधिकारी हात झटकणार नाहीत का?

---

प्रेषक: विशेष शिक्षिका, रत्नागिरी

काका, शंका रास्त आहे, म्हणूनच साधनासाठी अर्ज आधी तिकडे करायचा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची पोच घ्यायची. नकार आला तर तोही लेखी घ्यायचा. आपला पैसा साचे, सेल, प्रवास आणि दुरुस्तीवर गेला तर सरकारनं द्यायची वस्तू आपण दिली असं कुणी म्हणू शकत नाही. कलम ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणि १८ वर्षांपर्यंतच लागू आहे. बारावीच्या मधेच १८ पूर्ण होणारी मुलं दर वर्षी असतात, त्यांचा अर्ज वाढदिवसाआधी जायला हवा.

चाकाच्या खुर्चीबद्दल कुणी विचारलं नाही तरी लिहिते. आमच्या पाखाड्यांवर (पायऱ्यांच्या वाटांवर) आणि जांभ्याच्या वाटांवर शिबिरातल्या खुर्चीची पुढची छोटी चाकं अडतात, खाऱ्या हवेत बेअरिंगं गंजतात. पुढची चाकं मोठी आणि रुंद बसवून घेणं नव्या खुर्चीपेक्षा स्वस्त. उतार मात्र मापात हवा: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेचं जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर ५.४ मीटरचा उतार लागतो. दीड मीटरचा करून वर लोखंडी कठडा लावला की फोटो चांगला येतो, खुर्ची चढत नाही.

---

प्रेषक: खजिनदार

ठरावाचा मसुदा रविवारी पाठवतो. साचे आणि सेलसाठी २५ मुलं धरली आहेत, प्रत्येकी ७,००० रुपये. एक ते दोन लॅपटॉप भारतीय पासपोर्टवाल्या सभासदांनी वैयक्तिक द्यावेत. पानं तपासायला कोण कोण तयार आहे ते इथेच कळवा. कुडाळला साच्याची मापं महिन्यातून कोणत्या दिवशी घेतली जातात? पालकांच्या प्रवासाचे पैसे त्याच दिवशी हातात द्यायचे आहेत.

---

प्रेषक: ऑडिओलॉजिस्ट, कुडाळ

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. आदल्या आठवड्यात कानातला मळ काढून घ्यायला सांगा, नाहीतर माप न घेताच परत पाठवावं लागतं. आणि गणपतीक येतल्यांनी सेल थयसून हाडू नकात, हय गावतत.