'बॅकअप'ला मराठीत काय म्हणता? आणि तो 'घ्यायचा' की 'ठेवायचा'?

वेलांटी
एका माहितीपत्रकाचा अनुवाद करते आहे. विषय साधाच: स्मार्टफोनमधले फोटो, संपर्क, मेसेज घरच्या कॉम्प्युटरवर कसे जपून ठेवायचे. वाचणारे बहुतेक वयस्कर. पहिल्या खर्ड्यात मी 'राखीव प्रत' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी सगळीकडे काट मारून 'बॅकअप' केलं. तेही चालेल म्हटलं, पण मग "फोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घ्या" हे वाक्य मावशीला वाचायला दिलं, तर ती म्हणाली, "म्हणजे कॉम्प्युटरमधलं फोनवर घ्यायचं ना?" 'घ्या' म्हटलं की वस्तू आपल्याकडे येते, आणि तिच्या लेखी आपण म्हणजे हातातला फोन! तेव्हा नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं? पुढच्याच परिच्छेदात रिस्टोअर आणि सिंकही आहेत, त्यामुळे तिन्ही गोष्टी वेगळ्या कळायला हव्यात.

अर्धविराम
बॅकअप हाच मराठी शब्द. टेबल, पेन, तिकीट यांना आपण कधी विचारलं का, तुमचं गाव कोणतं म्हणून? 'राखीव प्रत' वाचून मला तरी वाचनालयातलं, घरी नेता न येणारं पुस्तक आठवतं.

तारयंत्र
हीच कारणं सांगणारे लोक 'क्रमांक' आणि 'दिनांक' आले तेव्हाही होते. आज ते शब्द प्रत्येक अर्जावर आहेत. शब्द वापरायलाच नाहीत तर रुळणार कुठून? माझी सूचना: पाठराखण. बॅक म्हणजे पाठ, अर्थही चपखल.

निरुत्तर
अर्जावर 'दिनांक' आहे खरं, पण तोंडात अजून 'तारीख'च आहे. "आज दिनांक काय?" असं कोणी विचारलं तर मी आधी त्याच्याकडे नीट बघेन.
आणि पाठराखण वाक्यात घालून पाहा: "दर रविवारी फोनची पाठराखण करा." फोनने काय गुन्हा केलाय? पाठराखण आपण माणसाची करतो, तीही बहुधा त्याचं चुकलेलं असताना.

पानपूरक
बेगमी कसा वाटतो? आमच्या आजीच्या तोंडी सतत असायचा. पुढे लागेल म्हणून आधीच साठवून ठेवणं, नेमका हाच अर्थ. बेगमांच्या महालात कोठारं भरलेली असत, त्यावरून आला.

निरुत्तर
अहो, बेगम कुठे आणल्या मध्येच! तो 'बे' आणि 'गम'. गम नाही, म्हणजे चिंता नाही. साठा केला, निश्चिंत झालो, ती बेगमी. राणीवाली 'बेगम' तुर्कीतून आलेली, तिचा याच्याशी संबंध नाही.

पानपूरक
असेल. महालाची गोष्ट जास्त छान होती.

तारयंत्र
फारसीच घ्यायचं तर इंग्रजीने काय घोडं मारलंय? शिवाय बेगमी वापरली की संपते. बॅकअप फोनमध्ये परत घातला तरी कॉम्प्युटरवर तसाच राहतो. अर्थ जुळत नाही.

चकार
इतका वेळ चकार शब्द काढला नव्हता, पण सगळे 'प्रत' धरून बसलात म्हणून लिहितो. दोन वेगळ्या गोष्टी एका शब्दात कोंबल्या जातायत.
ॲन्ड्रॉइड फोन केबलने जोडला की तो आधी नुसता चार्ज होतो. फोनवरच्या सूचनेत जाऊन 'फाईल ट्रान्सफर' निवडलं की मग कॉम्प्युटरला त्यातले फोल्डर दिसतात. त्यातला 'डीसीआयएम' उचलून ठेवला की कॅमेऱ्याचे फोटो आले. ही झाली प्रत. कुठलाही फोटो उघडा, दिसेल. पण एसएमएस, कॉलची यादी, ॲपच्या आतली माहिती यातलं काही अशा कॉपीत येत नाही. म्हणजे प्रत आहे, पण फोनचा बॅकअप नाही.
आयफोनचं उलट. मॅकवर फाइंडरमधून (मॅकवर फाईली दाखवणारा प्रोग्रॅम; २०१९मध्ये मॅकची कॅटलिना ही आवृत्ती येईपर्यंत हेच काम आयट्यून्स करायचं) बॅकअप केला की एक फोल्डर तयार होतो. त्यात चाळीस-चाळीस अक्षरं-आकड्यांच्या नावांच्या फाईली, एकीवरूनही आत काय आहे ते कळत नाही. ते बांधलेलं गाठोडं आहे, फोनमध्येच सोडायचं. बॅकअप आहे, पण वाचता येईल अशी प्रत नाही. वेलांटी, तुमच्या पत्रकात यातलं नेमकं काय आहे? त्यावर शब्द ठरेल.

वेलांटी
दोन्ही आहे! मूळ इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द वापरलाय.

अर्धविराम
म्हणूनच म्हणतो, बॅकअप. इंग्रजीत संदिग्ध आहे ना, मराठीतही राहू दे. अनुवादकाने मूळ लेखकापेक्षा शहाणं होऊ नये.

चकार
व्हायलाच हवं. आयफोनवर आयक्लाउड फोटो (फोटो ॲपलच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवणारी सोय) चालू असतील, तर ते फोटो कॉम्प्युटरवरच्या बॅकअपमध्ये जात नाहीत, कारण ते आधीच क्लाउडवर आहेत असं धरलेलं असतं. "बॅकअप घेतला" म्हणून माणूस गाफील राहतो आणि फोटो त्यात नसतातच. ही संदिग्धता महागात पडते.

बोरू
नाम शोधताय म्हणून अडलंय असं मला वाटतं. मराठीत ही भानगड क्रियापदावर भागते. 'लिहून ठेव', 'काढून ठेव', 'सांगून ठेव' यातलं ठेवणे काय करतं? पुढे लागेल म्हणून आत्ता करणं. 'पत्ता लिहिला' आणि 'पत्ता लिहून ठेवला' यात जो फरक, तोच कॉपी आणि बॅकअपमध्ये. आणि पोथी 'उतरवून घेणे' हा जुना प्रयोग आहेच, त्यावरून डाउनलोडला 'उतरवणे' कित्येक जण लिहितात. दोन्ही जोडा: "फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून ठेवा." दिशा स्पष्ट, हेतू स्पष्ट. मावशींना दाखवून बघा.

पानपूरक
वा! बाडीस, म्हणजे 'बाय डिफॉल्ट सहमत'.

तारयंत्र
वाक्य चांगलं आहे. पण मेनूत एवढंसं बटण असतं, त्यावर 'उतरवून ठेवा' मावेल? आणि "शेवटचं उतरवून ठेवणं कधी झालं" असं लिहिणार का? नाम लागतंच. *पाठराखण.*

बोरू
बटणावर 'बॅकअप' लिहा, माझी हरकत नाही. समजावताना वाक्य मराठी असावं, इतकंच. सिंकसाठी मात्र 'उतरवून ठेवा' अजिबात नको. तिथे फोनमधला फोटो पुसला की पलीकडचाही जातो, मग 'ठेवणं' कुठलं? 'दोन्हीकडे सारखं ठेवणे' म्हणता येईल.

वेलांटी
हे आवडलं. रिस्टोअरला 'पूर्ववत करा' लिहिलंय, ठीक ना?

चकार
धोक्याचं आहे. 'पूर्ववत' वाचून वाटतं, काहीतरी बिघडलेलं दुरुस्त होईल. आयफोनवर रिस्टोअर म्हणजे आत्ता फोनमध्ये जे आहे त्याच्या जागी जुनं येतं. बॅकअपनंतर काढलेले फोटो दुसरीकडे नसतील तर गेले. 'आधीचा बॅकअप फोनमध्ये भरा' लिहा, आणि खाली ठळक इशारा द्या.

अर्धविराम
मघापासून सगळे बॅकअप *घेतला* लिहितायत. आमच्याकडे बॅकअप *घेतलं* म्हणतात. नपुंसकलिंगी.

निरुत्तर
मेकअप केला, म्हणून बॅकअप घेतला. सरळ आहे.

अर्धविराम
चेकअप केलं, म्हणून बॅकअप घेतलं. त्याहून सरळ.

पानपूरक
आमचे साहेब "बॅकअप मारला का?" विचारतात. त्यात निदान लिंग तरी ठरलेलं आहे.

तारयंत्र
परक्या शब्दाचं लिंग ठरवण्यात जन्म घालवा. पाठराखण स्त्रीलिंगी आहे, कोणाचं दुमत नाही.

शून्यमनस्क
थोडं अवांतर. आयफोनचा बॅकअप करताना 'एन्क्रिप्ट' (संकेतशब्द घालून कुलूपबंद करणं) असा पर्याय दिसतो. तो निवडावा का? संकेतशब्द विसरलो तर?

चकार
निवडाच. तो नसेल तर साठवलेले पासवर्ड, वायफायच्या जोडण्या, आरोग्याच्या नोंदी बॅकअपमध्ये येत नाहीत. विसरलात तर मात्र तो बॅकअप कोणालाच उघडता येणार नाही. आयओएस ११ या आयफोनच्या प्रणालीपासून फोनच्या सेटिंगमध्ये 'रीसेट ऑल सेटिंग्ज' करून पुढच्या बॅकअपसाठी नवा संकेतशब्द देता येतो. फोटो वगैरे जात नाहीत, सेटिंग तेवढी परत लावावी लागतात. जुना बॅकअप कुलूपबंदच राहतो. म्हणून कागदावर लिहून ठेवा.

तारयंत्र
संकेतशब्द नव्हे, परवलीचा शब्द. पहारेकऱ्याला सांगायचा तो. संकेत म्हणजे खूण, ती गुप्त असेलच असं नाही.

निरुत्तर
परवली 'परोल'वरून आला असं ऐकून आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने परकाच.

तारयंत्र
पुरावा द्या. ऐकीव व्युत्पत्ती चालणार नाही.

पानपूरक
आता मला बेगमांचा महाल परत हवाय.

शून्यमनस्क
धन्यवाद चकार. पण मॅक नाही, विंडोज आहे. तिथे फाइंडर कुठे असतं?

चकार
तिथे फाइंडर नसतं. 'ॲपल डिव्हायसेस' नावाचं ॲप किंवा आयट्यून्स वापरा. केबल जोडल्यावर फोन 'ट्रस्ट' विचारेल, त्याला हो म्हणा.

तारयंत्र
'ट्रस्ट'ला 'विश्वास ठेवा' म्हणायला काय हरकत आहे?

अर्धविराम
कशावर, केबलवर?